रिदम गिटारचे तथाकथित दुय्यमत्व : 'ऑल माय लव्हिंग'च्या संदर्भात

बीटल्सविषयक समीक्षेत जॉन लेनन यांच्या गीतलेखनाची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यांच्या गिटारवादनाची झालेली नाही. रिदम गिटार म्हणजे निव्वळ साथ, हा समज त्यामागे असावा. १९६३ च्या 'विथ द बीटल्स' या अल्बममधील मॅकार्टनीरचित 'ऑल माय लव्हिंग' हे गीत या समजाला छेद देते. कडव्यांत लेनन चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करतात. म्हणजे एका आवर्तनात बारा आघात. येथील अडचण केवळ वेगाची नाही. हात आळीपाळीने खाली-वर फिरत असल्याने पहिली मात्रा डाउनस्ट्रोकने सुरू होते, तर दुसरी अपस्ट्रोकने. स्वभावतः दुबळा असलेला अपस्ट्रोक तितकाच ठाशीव पडला नाही, तर लय लंगडते. मॅकार्टनी यांचे बास गिटार मात्र मात्रेगणिक एकेक पाऊल टाकते. त्या सरळ चालीमुळेच ही लगबग उठून दिसते. धृपदात लेनन हे त्रिभाजन सोडतात व गीत मोकळे होते. हॅरिसन यांच्या एकल वादनाचे कौतुक यथार्थच आहे; परंतु त्यानंतरच्या कडव्यात गीताला पुन्हा गती मिळते ती परतलेल्या त्रिभाजनामुळे.