राय, सुकुमार

(३० ऑक्टोबर १८८७ – १० सप्टेंबर १९२३). बंगाली बालकवी, कथाकार, नाटककार, चित्रकार आणि ‘संदेश’ या मुलांच्या मासिकाचे संपादक. जन्म कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे, ब्राह्मो कुटुंबात. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे बालसाहित्यकार, चित्रकार आणि संगीताचे जाणकार होते. शिवाय हाफटोन ठसे करण्याच्या तंत्रात भारतात पायाभूत काम करणारे मुद्रणतज्ञही होते. आई विधुमुखी ही समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांची कन्या. सुखलता राव व पुण्यलता चक्रवर्ती या सुकुमारांच्या भगिनीही लेखिका म्हणून प्रसिद्धी पावल्या. चित्रपटदिग्दर्शक सत्यजित राय हे त्यांचे पुत्र.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकी व रसायनशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन ते पदवीधर झाले. याच सुमारास मित्रांना जमवून त्यांनी ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. क्लबाचे हस्तलिखित मासिक आणि घरच्या घरी करावयाची नाटके हेच त्यांच्या विनोदाचे पहिले व्यासपीठ. ‘झालापाला’ व ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’ ही प्रहसने या काळातली होत. १९११ मध्ये छायाचित्रण व मुद्रण यांच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे शिकले. तेथे रवींद्रनाथ ठाकुरांचा सहवास त्यांना लाभला व रवींद्रांच्या काव्यावर त्यांनी इंग्रजीत एक निबंधही वाचला. १९१३ मध्ये ते परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ सुरू केले होते. संदेश म्हणजे वार्ता आणि संदेश म्हणजे मिठाईही; नावातच श्लेष होता. १९१५ च्या अखेरीस वडील वारले आणि मासिक, छापखाना व कर्जाचे व्यवहार सुकुमारांच्या अंगावर आले. त्यांचे बहुतेक सर्व उत्तम लेखन पुढच्या सात-आठ वर्षांत, दर महिन्याचे अंक भरून काढण्याच्या निकडीतून झालेले आहे, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

त्यांची कीर्ती मुख्यतः ‘आबोल ताबोल’ (१९२३) या संग्रहावर अधिष्ठित आहे. त्यात लहानमोठ्या सुमारे पन्नास कविता असून चित्रे कवीचीच आहेत. प्रास्ताविकात सुकुमारांनी या कवितांचा रस ‘खेयाल’ रस, म्हणजे लहरीचा रस, असा सांगितला असून ज्यांना तो रुचत नाही त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, असेही बजावले आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या नऊ रसांत न बसणारा हा दहावा रस थट्टेने सांगितलेला असला, तरी त्यामागील विचार गंभीर आहे. हास्यरस विसंगतीवर उभा असतो. त्यात सुसंगतीचे माप गृहीत असते. सुकुमारांच्या कवितेत ते मापच काढून घेतलेले असते.

मात्र माप काढून घेतले म्हणजे नियम संपले, असे नव्हे. ‘खिचुडि’ या कवितेतील विचित्र प्राण्यांची नावे याचा उत्तम नमुना होय. हांस (बदक) आणि सजारू (साळिंदर) मिळून ‘हांसजारू’. बक आणि कच्छप मिळून ‘बकच्छप’. हाती आणि तिमी मिळून ‘हातिमी’. जिराफ आणि फडिंग (नाकतोडा) मिळून ‘जिराफडिंग’. प्रत्येक जोडीत पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच आहे वा जवळचे आहे, आणि जोड नेमकी तेथेच बसविलेली आहे. व्याकरण मानत नाही, असे सुरुवातीलाच जाहीर करणारी ही कविता प्रत्यक्षात संधिनियम काटेकोरपणे पाळते. चित्रातही प्राण्याचे अवयव तितक्याच सफाईने सांधलेले आहेत. (‘बकच्छप’ मराठीत जसाच्या तसा चालतो आणि हंस व साळिंदर यांचा ‘हंसाळिंदर’ही सहज होतो, नाकतोडा मात्र जिराफाशी जुळत नाही. या प्रकारच्या काव्याच्या भाषांतरात नेमके काय हरवते, ते यावरून कळावे.)

विज्ञानाच्या विद्यार्थ्याची ही शिस्त सर्वत्र आढळते. ‘खुडोर कल’ या कवितेत चालणाऱ्याच्या तोंडासमोर खाद्यपदार्थ लोंबकळत ठेवून त्याला कोसच्या कोस चालविणारे यंत्र आहे. सोबतच्या चित्रात त्याची रचना अशी रेखाटली आहे, की ते बनवून पाहावेसे वाटावे. छंदाच्या बाबतीत त्यांनी लोकप्रचलित ‘छडा’ गीतांचा चार-चार अक्षरांचा, आरंभी आघात असलेला ठेका घेतला आणि त्यावर कचेरीतील, वर्गातील व गप्पांच्या अड्ड्यावरील बोलभाषा चढविली. ‘सबुज पत्र’ (१९१४) या नियतकालिकातून प्रमथ चौधुरी बोलभाषेचा पुरस्कार वादविवादाने करीत होते. तेच काम सुकुमारांनी मुलांच्या मासिकात वाद न घालता केले.

‘आबोल ताबोल’मधील राजे, कायदे व न्यायालये हा वसाहतकालीन राज्यव्यवस्थेवरील उपहास मानावा काय, याविषयी मतभेद आहेत. ‘एकुशे आइन’ या कवितेत पाय घसरून पडणाऱ्यालाही शिपाई पकडून नेतात व एकवीस रुपये दंड होतो. संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचे तर तिकीट लागते. पद्य लिहिणाऱ्यांना पिंजऱ्यात कोंडून वाण्याच्या वहीतील हिशेब करायला लावतात. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात अशा कवितेचा रोख वाचकाला कळला नसेल, हे संभवत नाही. तथापि प्रत्येक प्राण्यामागे एखादा अधिकारी शोधण्याची अलीकडची प्रवृत्ती या कवितांना कोड्याच्या पातळीवर आणते. ‘गोंफ चुरि’मधील, आपली मिशी चोरीला गेली असे एकाएकी वाटून साऱ्या कचेरीवर उखडणारा मोठा बाबू हा हास्यास्पद आहे, तो मिशीवरूनच माणूस ओळखला जातो असे मानण्याइतका गंभीर झाल्यामुळे. सत्ता असो, विद्वत्ता असो की ब्राह्मो समाजातील ज्येष्ठांचा सोवळेपणा असो, स्वतःकडे पाहून हसू न शकणारी गांभीर्याची वृत्ती हेच सुकुमारांचे लक्ष्य आहे. हसण्याला बंदी असलेल्या पिलांवरील कवितेतील ‘रामगरुडेर छाना’ हा शब्दप्रयोग बंगालीत आजही आंबट चेहऱ्याच्या माणसाला लावतात.

‘ह-य-व-र-ल’ (बंगाली उच्चार ‘हजबरल’, ग्रंथरूपाने १९२४) ही त्यांची श्रेष्ठ गद्यकृती. माहेश्वर सूत्रांतील अक्षरांवरून आलेल्या या शब्दाचा बंगालीतील अर्थ गोंधळ, घोटाळा. रुमालाचे मांजर होते येथपासून कथेला आरंभ होतो. पाटीवर गणित मांडणारा कावळा, ठराविक वर्षानंतर वय उलटे मोजणारा म्हातारा, भाषणाची हौस असलेला बोकड अशी पात्रे भेटत जातात आणि शेवटी खटला उभा राहतो. लूइस कॅरलच्या ॲलिसचे ऋण उघड आहे. परंतु येथील न्यायालय कलकत्त्याचे आहे. साक्षीदार रोख पैशांसाठी साक्ष देतात. आरोपीच नाही असे ध्यानात आल्यावर पैसे मिळतील या आशेने एक जण आरोपी होतो, आणि त्याला तीन महिने कैद व सात दिवस फाशी अशी शिक्षा होते.

‘पागला दाशू’ (१९४०) मधील शाळकरी कथा वास्तवाच्या अधिक जवळच्या आहेत. दाशू वेडा की वेडाचे सोंग घेणारा शहाणा, हे त्याच्या वर्गबंधूंना उमगत नाही आणि लेखकही सांगत नाही. या कथांचे बळ त्यातच आहे. मुलींना मात्र या जगात जवळजवळ स्थान नाही. ‘संदेश’साठी लिहिलेले विज्ञानविषयक लेख स्वच्छ व माहितीपूर्ण आहेत. ब्राह्मो समाजाचा इतिहास मुलांना सांगणारे ‘अतीतेर छबि’ (१९२२) हे पद्य सुबोध असले, तरी तेथे कवी वडीलधाऱ्याच्या भूमिकेत जातो व त्याचा खास सूर लोपतो.

१९२१ मध्ये सुकुमारांना काळा आजार जडला. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे त्यावरील औषध कलकत्त्यातच सिद्ध होत होते. पण त्याचा व्यापक वापर सुरू व्हायचा होता. अंथरुणावरूनच सुकुमारांनी लेखन, चित्रे व ‘आबोल ताबोल’ची जुळणी चालू ठेवली. रवींद्रनाथ त्यांना भेटावयास येऊन त्यांच्या इच्छेनुसार गाणी गायले. संग्रहातील शेवटच्या कवितेत लहरीचा खेळ चालू असतानाच झोपेची छाया दाटून येते व गाणे संपते. तेथेही ठेका ढळत नाही आणि करुणेची याचना नाही. सुकुमारांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांना छापील स्वरूपात पाहता आले नाही.

‘संदेश’ पुढे काही वर्षांतच बंद पडले. १९६१ मध्ये सत्यजित राय व कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. सत्यजित यांनी ‘आबोल ताबोल’मधील निवडक कवितांचे इंग्रजी भाषांतर केले, तसेच १९८७ मध्ये वडिलांवर अनुबोधपट काढला.