नायक कोण: माणूस की खडक?

गॅब्रिएल वॉकर यांचे 'स्नोबॉल अर्थ' हे पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. सारी पृथ्वी बर्फाने झाकली गेली होती, या सिद्धान्ताची ही गोष्ट आजही एका बैठकीत वाचून होते. वॉकर संशोधकांसोबत रानोमाळ हिंडल्या आहेत आणि विरोधकांनाही त्यांनी बोलू दिले आहे. तरीही माझी एक तक्रार उरते. पुस्तकाचा नायक पॉल हॉफमन हा हट्टी भूशास्त्रज्ञ आहे. ज्या खडकावर सारा वाद उभा आहे, तो मात्र त्याच्या बाजूचा साक्षीदार होऊन राहतो.

हा खडक मुळातच चक्रावून टाकणारा आहे. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोटे-मातीच्या थरावर एकाएकी फिकट डोलोमाइटचा थर येतो. म्हणजे थंडीच्या खुणांवर थेट उबदार समुद्रातला कार्बोनेट. नामिबियात तो आहे. आपल्याकडे हिमाचलात ब्लैनी थरांच्या माथ्यावर तो गुलाबी रंगात दिसतो. हॉफमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याचा अर्थ असा लावला: बर्फाखाली झिजेची क्रिया थांबली, ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षे हवेत साठत गेला, अखेर बर्फ वितळले आणि उघड्या पडलेल्या खडकांच्या प्रचंड झिजेने समुद्रात क्षारांचा लोंढा आला. त्यातून हा थर साचला. यातले शेवटचे हिमयुग सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपले.

झिजेचे हे रसायन समजून घ्यायला आम्हा कात्रजकरांना नामिबिया गाठावे लागत नाही. आमच्या घाटातला काळा बेसॉल्ट बराच अलीकडचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण नियम तोच. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडक कुरतडते आणि त्यातले कॅल्शियम ओढ्या-नद्यांतून समुद्राकडे नेते. दख्खनच्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे या प्रवासात वाटेतच थबकलेला कार्बन.

वाद आहे तो एका आकड्यावरून. या थरात कार्बन-१३ प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारी सुमारे पाचने कमी भरतो. हॉफमन म्हणतात, समुद्रातली जीवसृष्टी जवळपास ठप्प झाली होती, म्हणून ज्वालामुखींतल्या कार्बनची खूणच खडकात उतरली. मार्टिन केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तोच आकडा गोठलेल्या मिथेनच्या सुटकेकडे वळवला. पुढे तिसरे वाचनही आले: वितळलेल्या गोड्या पाण्याचा थर खाऱ्या समुद्रावर तरंगत राहिला आणि हा कार्बोनेट त्या वरच्या थरात साचला. तसे असेल तर ही नोंद साऱ्या महासागराची नसून फक्त त्याच्या पृष्ठभागाची ठरते.

एकाच ओळीचे तीन अर्थ लागत असतील, तर समीक्षक आधी ओळ नीट वाचतो, कवीचा स्वभाव नंतर पाहतो. वॉकर यांचा क्रम उलटा आहे. त्यामुळे कोण जिंकले हे वाचकाच्या लक्षात राहते, कशावरून जिंकले हे निसटते.

आज हे निसटणे परवडणारे नाही. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राची आम्लता वाढते आहे आणि 'पृथ्वी आपली आपण सावरते' हे वाक्य फार सहज बोलले जाते. ती सावरते हे खरे. कार्बोनेटचे थर त्याचीच पावती आहेत. पण झिजेच्या वाटेने पूर्ण सावरायला तिला लाखो वर्षे लागतात. हे माणसाच्या विजयकथेतून कळत नाही, खडकातून कळते.