पोस्टकार्डानंतरचं वाचायचं राहिलं

दर 8 मार्चला आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या ग्रुपवर एक गोष्ट हमखास फिरते. 1974 साली टेल्कोला पुण्याच्या कारखान्यासाठी इंजिनिअर हवे होते. जाहिरातीच्या तळाशी ओळ होती : स्त्रियांनी अर्ज करू नये. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णीनं जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकून जाब विचारला आणि तिला नोकरी मिळाली. धीट मुलगी, दिलदार मालक. विषय संपला.

सुधा मूर्तींचा मूळ लेख, ‘अ‍ॅप्रो जेआरडी’, या फॉरवर्डपेक्षा जास्त काही सांगतो. पुण्याला मुलाखतीला निघालेल्या सुधाकडे होस्टेलच्या मैत्रिणी 30-30 रुपये देतात, येताना साड्या आण म्हणून. नोकरीची आशा कुणालाच नव्हती! पण मला खरी जागा वाटते ती मुलाखतीची. तिथे तिला ‘तुला जमणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. उलट, एवढ्या हुशार मुलीनं प्रयोगशाळेत काम करावं, शॉप फ्लोअरवर कशाला, असा सूर लागतो. नकार कौतुकाच्या वेष्टनात येतो.

चाकणला हे वेष्टन आजही चालतं. बायकांची बोटं नाजूक, चिकाटी जास्त, म्हणून वायरिंग, तपासणी, पॅकिंग त्यांच्याकडे. मेंटेनन्स आणि टूलरूम पोरांकडे. पगार आणि बढती कुठल्या बाजूला वाढते, हे वेगळं सांगायला नको.

कायद्यानंही अर्धंच दार उघडलं. 1976 च्या समान वेतन कायद्यानं भरतीत भेदभावाला मनाई केली, पण दुसऱ्या कायद्यानं जिथे स्त्रियांना बंदी होती ती कामं वगळून. आणि 1948 च्या कारखाना कायद्यात स्त्रियांची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 होती. म्हणजे थर्ड शिफ्ट गेली, आणि तिच्यासोबत त्या शिफ्टचा अनुभवही.

लेखाच्या शेवटी सुधा जेआरडींना सांगते, नोकरी सोडतेय, नवरा इन्फोसिस नावाची कंपनी काढतोय. जेआरडी आपुलकीनं सल्ला देतात, आपण भारावतो. इथे मात्र मी अडते. जाहिरातीतल्या एका ओळीवर पेटून उठणारी ही लेखिका राजीनाम्याचं कारण एका वाक्यात आटोपते. कंपनीत आपल्या दोघांपैकी एकानंच असावं, असं नवऱ्याचं म्हणणं होतं, हे तिनंच पुढे मुलाखतींत हसत हसत सांगितलंय.