कुलूप गिऱ्हाइकाला, वाट चोराला

टेमघरसारख्या कामगारवस्तीतल्या पोराला आज गेमची ‘क्रॅक’ (कुलूप फोडणारी फाइल) शोधावी लागत नाही. यंत्रमागावरची किंवा गोदामातली पाळी संपवून आला की तो फोनवर खेळतो, तेही फुकट. २०१६ साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि चोरीचे दहा गेम भरून सीडी विकणाऱ्याचा धंदा बसला. चोरी ओसरली ती कायद्याच्या भीतीनं नव्हे, तिची गरजच उरली नाही म्हणून.

त्याआधीच्या पिढीचं शिक्षण मात्र चोरीच्या प्रतीवरच झालं, हे मान्य करायला हवं. ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्या किती मराठी पोरांनी त्याचा अस्सल खोका पाहिला असेल? क्रॅक फोल्डरमधली फाइल उचलून गेमच्या फोल्डरमध्ये टाकणं, अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद ठेवणं (आणि मग संगणक फॉरमॅट करायला नेणं) ही त्या काळची साक्षरता होती.

नक्कल होऊ नये म्हणून गेमला कुलूप लावण्याची कलाही एकेकाळी कलाच होती. १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त औषधाच्या कुप्यांनी भरलेली एक खोली लागायची. छापील पुस्तिकेत बघून योग्य अक्षराची कुपी प्यायची; चुकलात तर राजपुत्राच्या जिवावर बेतायचं. कुलूपही गेमच्याच सृष्टीतलं! पुढे ही कल्पकता आटली. २००८मध्ये ‘स्पोअर’ विकत घेणाऱ्याला तो सुरुवातीला तीनदाच सक्रिय करता येई. २०१०मध्ये युबिसॉफ्ट कंपनीनं संगणकावर ‘असॅसिन्स क्रीड २’ खेळताना इंटरनेट अखंड चालू हवं अशी अट घातली. भारनियमनात जिथे वीजच जायची, तिथे या अटीला काय अर्थ? २०१४पासून डेनुवो हे ऑस्ट्रियन कुलूप आलं. ते लावलेल्या २०२१च्या ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ची फोडलेली प्रत अस्सल प्रतीपेक्षा सुरळीत चालत असल्याचं दिसलं, तेव्हा त्याच्या निर्मात्या कॅपकॉमला सुधारित आवृत्ती द्यावी लागली. जुन्या ग्राफिक्स कार्डावर खेळणाऱ्या आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला कुलपाचा असा भार सर्वांत आधी जाणवतो. पैसे मोजूनही वाईट प्रत त्याच्याच वाट्याला.

आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२च्या दुरुस्तीनं हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप फोडणं गुन्हा ठरलं. गिऱ्हाइकाची फसगत करणाऱ्या कुलपाबद्दल तिथे फारसं काही सापडत नाही.

फोनवरच्या फुकट गेमला कुलूप दिसत नाही, कारण आख्खा गेमच कंपनीच्या सर्व्हरवर बांधलेला असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर भारतात बंदी आली आणि पैसे देऊन घेतलेले पोशाख, बंदुकांचे रंग सगळं अडकलं. मोटारींच्या ‘द क्रू’ गेमचा सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाला आणि विकत घेतलेला गेमही निकामी झाला. जुना सिनेमा निदान कुठल्या तरी संग्रहात सापडू शकतो. असे गेम उद्या टिकले, तर ते कुलूप फोडणाऱ्यांच्या कृपेनं टिकतील, आणि एखाद्या कलेची यापेक्षा लाजिरवाणी अवस्था मला सुचत नाही.

म्हणून चोरी माफ, असं मात्र नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स स्टुडिओनं ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला. २०१७ची किकस्टार्टरवरची निधी-मोहीम फसली, तरी चिकाटीनं २०२०मध्ये तो बाजारात आणला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत नेला. अशा लहान चमूला चोरीची प्रत बड्या कंपनीपेक्षा कितीतरी जास्त लागते. इथल्या कसबाची दुसरी बाजू अशी : २०२०मध्येच युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंकडे असलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. झलक पाहून जगभर टीका झाली आणि २०२२मध्ये काम माँट्रियलला गेलं. कसब इथलं, धनीपण बाहेरचं, हे चित्र आहे.

मोठ्या गेमला आज चार-पाच हजार रुपये पडतात. इथला कामगार ते देणार नाही, आणि त्याला चोर म्हणण्यात शहाणपण नाही. इथल्या निर्मात्यांनी मात्र त्याला परवडेल अशा दरात, कुलपाशिवाय आणि मराठीत गेम द्यावा. आणि वाचकांनो, फुकट प्रत उतरवण्याआधी स्टीमच्या ऑनलाइन दुकानात ‘राजी’ची किंमत बघा, सवलतीच्या दिवसांत तर नक्कीच बघा.