तंतु आणि ललाटरेषा

खेळाडूंच्या यशाची शास्त्रीय मीमांसा करणारें लेखन आपल्याकडे अलीकडे पुष्कळ होऊं लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांतील एका प्रघाताविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. स्नायूंचे तंतु दोन जातींचे. तांबडे मंद पण चिवट, पांढरे शीघ्र पण लौकर थकणारे. ज्याच्या वांट्यास जे अधिक आले, तसा तो खेळाडू व्हावयाचा, असें हें लेखन सांगतें. सांगण्यांतील सुटसुटीतपणा मोहक आहे. शास्त्र इतकें सुटसुटीत नाहीं.

सशाच्या तांबड्या व पांढऱ्या स्नायूंच्या आकुंचनांतील भेद रांव्हिये या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७० नंतरच्या दशकांत दाखविला. मनुष्याच्या बहुतेक स्नायूंत मात्र दोन्ही तंतु मिसळलेले असतात, आणि शीघ्र तंतूंतही पोटभेद आहेत. त्यांपैकीं अतिशीघ्र तंतु नियमित मेहनतीनें अधिक टिकाऊ पोटभेदांत पालटतात. मंद व शीघ्र यांमधील सीमा मात्र सहजीं ओलांडली जात नाहीं. लांब पल्ल्याच्या निष्णात धांवपटूंत मंद तंतु बहुधा अधिक आढळतात, हें खरें. परंतु हृदय, आहार आणि सराव यांचा हिशेब वगळून केलेला निष्कर्ष अर्धवटच राहतो.

पुण्याच्या मार्केट यार्डांतील हमालाचें उदाहरण घ्या. पोतें उचलतांना आधीं त्याचे मंद तंतु कामास लागतात. भार वाढतो तसतसे शीघ्र तंतु हाकेस येतात. दिवसभर खेपा घालावयाच्या तर दोहोंचेंही साह्य हवें. मग या गृहस्थास कोणत्या जातींत बसवावें?

येथेंच आमचा खरा आक्षेप आहे. 'त्याची घडणच ओझ्यासाठीं' असें म्हणूं पाहणारास तंतूंची ही भाषा आयतीच सांपडते, आणि जुनी ललाटरेषा नव्या शाईनें लिहिली जाते. स्नायु सरावानें बळावतो. पाठीचा मणका मात्र झिजतो. पुण्यांत बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनें व मुंबईंत अण्णासाहेब पाटलांनीं लढा दिला, १९६९ सालीं माथाडी-हमालांचा कायदा झाला, आणि १९७४ सालीं पंचायतीची 'कष्टाची भाकर' सुरू झाली. त्यानें कोणाचे तंतु पालटले नाहींत. पालटली ती कामाची व्यवस्था.

शास्त्र सोपें करून सांगणारांनीं तंतूंविषयीं अवश्य लिहावें. मात्र देहाचें वर्णन करतां करतां त्या देहाचें भवितव्य लिहून मोकळें होऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.