दावीदाच्या घरातील तेरावा अध्याय

दावीद व बथशेबा यांच्या कथेवरील उपदेश आमच्या मंडळ्यांत बहुधा एकाच ठिकाणी थांबतो. राजा धाब्यावरून पाहतो, मोहात पडतो, उरीयाला मारवितो, नाथान येतो, राजा पाप कबूल करतो. मग 51 वे स्तोत्र वाचून आशीर्वाद. 2 शमुवेलाच्या लेखकाने मात्र लेखणी तेथे खाली ठेवलेली नाही. बाराव्या अध्यायात क्षमा मिळते, आणि तेराव्यात त्याच घरात अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो.

हा अध्याय गाळण्याचा दोष एकट्या उपदेशकांचा नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित सामायिक पाठक्रमात अकराव्या-बाराव्या अध्यायांनंतरच्या रविवारी एकदम अठराव्या अध्यायातील अबशालोमाचा मृत्यू येतो. रोमन कॅथलिक मंडळीच्या नित्यवारांच्या पाठांतही तेरावा व चौदावा अध्याय नाहीत. पुत्र पित्यावर का उठला हे ऐकणाऱ्यास कळावे तरी कसे? (इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने तर राब्बाचा वेढा तेवढा ठेवला व बथशेबेचे सारे प्रकरणच वगळले. ही सवय जुनी आहे.)

लेखकाची रीत पाहावी. अकराव्या अध्यायात ‘पाठविणे’ हे इब्री क्रियापद पुनःपुन्हा येते. दावीद योवाबाला युद्धावर पाठवितो, स्त्रीची चौकशी करण्यास माणूस पाठवितो, तिला आणावयास जासूद पाठवितो, आणि शेवटी उरीयाच्या मृत्यूचे पत्र उरीयाच्याच हाती पाठवितो. बारावा अध्याय उघडतो तो परमेश्वराने नाथानाला पाठविल्याच्या वाक्याने. पुढे तेराव्यात आजाराचे सोंग घेतलेल्या अम्नोनाच्या घरी तामारेला पाठविणाराही दावीदच. आणि दोन वर्षांनी, मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीस, अबशालोमाच्या आग्रहावरून अम्नोनाला मृत्यूच्या दारी पाठविणाराही तोच. भाषांतरात क्रियापद बदलले की हा धागा वाचकाच्या हातून सुटतो.

आमच्या मते कथेचे मर्म तेराव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात आहे. राजाने सर्व ऐकले व तो फार संतापला, एवढेच इब्री पाठ सांगतो. शिक्षा नाही, जाब नाही, तामारेची विचारपूसही नाही. ग्रीक सप्तति भाषांतर व मृत समुद्राजवळील चौथ्या गुहेत सापडलेले शमुवेलाचे हस्तलिखित येथे कारण पुरवितात: अम्नोन ज्येष्ठ पुत्र, म्हणून पित्याने त्याला दुखविले नाही. कारण पटण्याजोगे आहे, पण आम्हांस इब्री पाठाचे मौन अधिक भेदक वाटते. परक्याची पत्नी वाड्यात आणविणारा पिता मुलाला कोणत्या तोंडाने बोलणार होता? पापाची क्षमा झाली, पण घरात बोलण्याचा अधिकार गेला तो गेला.

ह्या अध्यायात न्यायाची भाषा बोलते ती एकटी तामार. आपले काय होईल आणि अम्नोनाचे काय होईल, हे दोन्ही ती त्याला स्पष्ट सांगते. तिच्या फाटलेल्या झग्यास लेखक जे शब्द योजतो, तेच उत्पत्तीत योसेफाच्या झग्यास आहेत. भावांनी उद्ध्वस्त केलेल्या दोन भावंडांची ती खूण. आणि अबशालोम तिला काय सांगतो? गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. गृहभेटींना जाणाऱ्या पाळकांनी हे शब्द ओळखावेत. ‘घरातली गोष्ट घरातच राहू द्या’ असे ज्या घरी म्हटले जाते, तेथे बहुधा कोणी एक तामार आतल्या खोलीत बसलेली असते.

काही धर्मशिक्षक ही सारी परंपरा कर्मफळाच्या दृष्टान्ताने समजावितात. तो दृष्टान्त येथे लागू पडत नाही. दावीदाच्या घरातून तरवार दूर होणार नाही, हे नाथान सांगतो खरे. पण लेखक प्रत्येक पायरीवर माणसे उभी करतो. योनादाबाने तो सल्ला दिला नसता तर? दावीदाने अम्नोनाला जाब विचारला असता तर? परागंदा अबशालोम गशूरात तीन वर्षे राहिला, यरुशलेमेत परतल्यावर आणखी दोन वर्षे त्याला राजाचे मुखदर्शन नव्हते. एवढ्या अवधीत पित्याने एकदा दार उघडले असते तर? अहीथोफेलाचेच पाहा. बथशेबेचा पिता अलीयाम. तेविसाव्या अध्यायातील वीरांच्या यादीत अलीयाम हा अहीथोफेलाचा पुत्र. दोन्ही एकच असतील, तर बंडखोरांचा मंत्री बथशेबेचा आजोबा ठरतो. लेखक स्वतः हे जोडून दाखवीत नाही.

ह्याच अहीथोफेलाच्या सल्ल्याने अबशालोम राजवाड्याच्या धाब्यावर सर्व इस्राएलाच्या डोळ्यांदेखत पित्याच्या उपपत्नींपाशी जातो. दावीदाने पळून जाताना घर राखण्यास मागे ठेवलेल्या ह्या दहा जणी. परत आल्यावर तो त्यांच्या पोटापाण्याची तजवीज करतो व त्यांना पहाऱ्यात ठेवतो. मरेपर्यंत त्या तेथेच विधवांसारख्या राहतात. त्यांच्यापैकी एकीचेही नाव शास्त्रात आलेले नाही.