नदी एक, प्रकरणं तीन : 'परिसंस्था व्यवस्थापन' या कल्पनेची चिकित्सा

मागच्या व्याख्यानात आपण 'निसर्ग' या शब्दाचे अर्थ पाहिले. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की सर, आता 'परिसंस्था व्यवस्थापन' असा रीतसर विषयच शिकवला जातो. शहरी परिसंस्था, शेती परिसंस्था, वन परिसंस्था अशी त्यात तीन प्रकरणं असतात. त्यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाला काही म्हणायचं आहे का? आहे. आज तेवढंच बोलू.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर तुम्हांला वाद घालत ऐकता येईल. या तीन प्रकरणांतली माहिती बहुतेक बरोबर असते. गोंधळ होतो तो प्रकरणं पाडण्यात. एका प्रकरणात जे 'यश' म्हणून मांडलं जातं, त्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्या प्रकरणात पडतो, आणि तिथं तो 'समस्या' या नावानं नव्यानं सुरू होतो. आम्ही कृष्णाकाठी राहतो, म्हणून उदाहरणं सातारा-सांगलीचीच घेणार आहोत.

आधी शब्दाकडे बघू. 'इकोसिस्टिम' हा शब्द छापील स्वरूपात रूढ केला आर्थर टान्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं, १९३५ साली. तो शब्द आपण घेतला, पण टान्स्लीनं त्याबरोबर दिलेला इशारा तिकडेच राहिला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: अभ्यासासाठी आपण एखादी व्यवस्था मनानं वेगळी काढतो, प्रत्यक्षात त्या व्यवस्था एकमेकींत शिरलेल्या असतात. म्हणजे सीमारेषा काही अंशी आपण आखलेली असते. नकाशावरची रेघ जमिनीवर शोधायला गेलं की सापडत नाही, तसं. अभ्यासकाला हे माहीत असतं. पण त्याच रेघेवर एकदा खातं उभं राहिलं, अधिकारी बसले, अंदाजपत्रक आलं, की ती रेघ खरी वाटायला लागते.

आता वनाचं प्रकरण उघडू. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत कोयना, चांदोली आणि कासचं पठार आहे. अभिमानाची गोष्ट आहे, आम्हांलाही आहे. पण कासला काय झालं ते बघा. फुलं बघायला गर्दी लोटली, फुलं तुडवली जाऊ लागली, म्हणून पठारावर जाळीचं कुंपण घातलं. हेतू चांगलाच होता. पण कुंपणानं पर्यटकांबरोबर गुरंही अडवली. पिढ्यानपिढ्या ती गुरं तिथं चरत होती, उंच वाढणारं गवत खात होती, शेण टाकत होती. गवत खाल्लं गेलं म्हणून बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत होतं. अभ्यासक आणि गावकरी ओरडायला लागले, की कुंपणाच्या आत फुलं कमी होतायत. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. ज्याला आपण 'वन परिसंस्था' म्हणून जपायला निघालो, तिच्यात आसपासच्या गावांतला गोठाही होता. आणि पठाराला लागूनच कास तलाव आहे, त्याचं पाणी सातारा शहर पितं. म्हणजे शहराचं प्रकरणही तिथंच सुरू झालेलं.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं, देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर. १९८५ साली जाहीर झालेलं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. हे माणसांनी लावलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून उघडेबोडके डोंगर हिरवे झाले, हरणं आणून सोडली. त्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण हरणांची संख्या वाढली आणि ती उतरून आसपासच्या शेतांत जाऊ लागली. शेतकरी रात्र-रात्र राखणीला बसतो. वनाच्या प्रकरणात हरणांची वाढ ही जमेची बाजू, शेतीच्या प्रकरणात तीच पिकांची नासाडी. हरीण तेच. दोन्ही प्रकरणं एकत्र वाचायचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला दिलेलं नाही.

उलट दिशेनंही हेच होतं. कराड, शिराळा भागात बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. त्याच्या दृष्टीनं बारा महिने उभं असलेलं, आत पाणी असलेलं दाट रान म्हणजे जंगलच की! आपण त्याला 'मानवी वस्तीत घुसलेला' म्हणतो. रेघ आपली, ती त्याला कुणी दाखवली?

आता शेती. इथं थोडं थांबायला हवं, कारण कृष्णाकाठची श्रीमंती इथून आली. पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, शाळा-कॉलेजं उभी राहिली. आमच्यासारख्यांचे पगारही त्यातूनच निघाले, हे विसरून बोलणं कृतघ्नपणाचं होईल. पण काळी जमीन, निचरा कमी, आणि वर पाटानं मोकळं सोडलेलं पाणी. मिरज, वाळवा, पलूस भागात काय झालं? भूजल वर चढलं, त्याबरोबर क्षार वर आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. जमीन पांढरी पडली, चोपण झाली. त्यावर उपाय आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करता येतो, आणि तो चालतो. पण एक अडचण बघा. तुमच्या शेतातलं खारं पाणी शेजाऱ्याच्या बांधातून न्यावं लागतं, पुढं ओढ्यात, ओढ्यातून नदीत. म्हणजे एकट्याच्या जमिनीचं व्यवस्थापन एकट्याला करताच येत नाही, आणि सगळ्यांनी मिळून केलं तरी क्षार कुठंतरी जातातच. खालच्या गावाची पाणीयोजना त्याच नदीवर असते.

आता शहर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. २००५ साली आलं होतं, २०२१ साली पुन्हा आलं. पूर ओसरला की बोट अलमट्टीकडे जातं. धरणांच्या पाण्याचा प्रश्न खराच आहे, त्यावर दोन्ही राज्यांत बोलणं व्हायलाच हवं. पण शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही लक्ष वेधलं, आणि तो भाग आम्हां सांगलीकरांना ऐकायला आवडत नाही.

का आवडत नाही, ते आम्ही स्वतःवरून सांगतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या सखल भागात प्लॉट घेतला. स्वस्त होता. कागदावर बिगरशेती झालेली होती, सगळ्या सह्या-शिक्के जागेवर. पाया खणताना शेजारच्या रानातल्या एक आजी येऊन म्हणाल्या, "मास्तर, हितं पावसाळ्यात आमची म्हसरं डुंबायची." आम्ही हसलो. आमच्याकडे कागद होता ना! २०१९ ला आमच्या खालच्या मजल्यावरची पुस्तकं गेली, त्यांत चाळीस वर्षांची टिपणं होती. लोक हळहळले. पण खरं सांगायचं, तर पुराचं पाणी त्याच्या जागेवर आलं होतं. आम्हीच त्याच्या जागेवर राहायला गेलो होतो. आणि आमच्या भरावामुळं जे पाणी तिथं थांबलं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात गेलं असणार. तो खर्च आम्ही कधीच भरला नाही.

आता ही तिन्ही प्रकरणं कोयना धरणावर एकत्र येतात. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. वीज हवी, सिंचन हवं, तर पावसाळा संपताना धरण भरलेलं पाहिजे. पूर थोपवायचा, तर पावसाळ्यात ते काही प्रमाणात रिकामं पाहिजे. एकच धरण एकाच वेळी भरलेलं आणि रिकामं कसं ठेवणार? त्यात बरंचसं पाणी विजेसाठी पश्चिमेला, वाशिष्ठीकडे जातं, आणि इकडे आटपाडी, जत, माण, खटाव पाण्याची वाट बघतात. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून वर दुष्काळी तालुक्यांत नेलं, मोठं काम झालं. मात्र पाणी पोचलं तिथं ऊसही पोचला. हे प्रश्न हिशेबाच्या तंत्रानं सुटत नाहीत. कुणाच्या गरजेला किती वजन द्यायचं, हा न्यायाचा प्रश्न आहे. 'व्यवस्थापन' हा शब्द त्याला तांत्रिक प्रश्नाचा वेश देतो. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

इथं कुणीतरी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की सर, सगळं सगळ्याला जोडलेलं आहे हे म्हणणं सोपं. काम करायचं तर विभाग पाडावेच लागतात. वनरक्षकानं गटारं बघायची का? मान्य आहे. सीमारेषा पुसा असं आम्ही म्हणत नाही. रेघेपलीकडे काय जातं, त्याचा हिशेब रेघ आखणाऱ्यानं ठेवावा, एवढंच म्हणतो.

आणि असं घडल्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर, तांदूळवाडी आणि बलवडी या गावांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभं केलं. दुष्काळ होता, मुंबईचा गिरणी संप फसल्यावर कामगार गावी परतले होते, आणि वाळूचे ठेकेदार नदीपात्र उपसत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी, भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर, उलटा प्रश्न टाकला: आमच्या नदीची वाळू विकून दुसऱ्यानं पैसा का करायचा? थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्यातून बंधारा बांधतो. त्यासाठी शासनाशी भांडावं लागलं. पण आमच्या दृष्टीनं बंधाऱ्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाटपाचा नियम. पाणी जमिनीच्या मापात द्यायचं नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखं द्यायचं, भूमिहीनालासुद्धा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. नदी, रान आणि गिरणी सुटलेला माणूस, तिघांचा हिशेब एका वहीत आला. बंधारा लहान, दोन गावांपुरता. त्यावरून अख्ख्या खोऱ्याचा आराखडा काढता येणार नाही. पण आधी न्याय ठरवायचा आणि मग तंत्र बघायचं, हा क्रम तिथून नक्की शिकता येतो.

म्हणून पुढच्या वेळी एखादा आराखडा समोर आला, नदीकाठ सुशोभीकरणाचा असो, नव्या उपसा योजनेचा असो की अभयारण्याच्या कुंपणाचा, तर दोन प्रश्न विचारून बघा. यातून जे बाहेर टाकलं जाणार आहे, पाणी, क्षार, जनावरं किंवा माणसं, ते कुठं जाणार? आणि ज्याच्या दारात ते जाणार, तो या बैठकीला बोलावलेला आहे का? पहिल्याचं उत्तर अभियंता देऊ शकेल. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आपल्यालाच ग्रामसभेत, नगरसेवकाच्या दारात, हरकती मागवल्या असतील तिथं जाऊन बसावं लागेल. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा हे दोन्ही प्रश्न विचारले नव्हते, आणि त्या आजींनी उत्तर आपणहून आणून दिलं होतं.

पुढच्या व्याख्यानात 'समान पाणीवाटप' या कल्पनेतल्या 'समान' शब्दाकडे वळू. तिथंही भांडायला भरपूर जागा आहे.